तळ्यातल्या फौजेचा गंज

बाभुळगावच्या बसस्टँडमागे रहेमानचाचांचं डेंटिंग-पेंटिंगचं दुकान आहे. तिथून गंजाचा एखादा ठिपका घेऊन गाडी बाहेर पडली, असं चाळीस वर्षांत कुणी पाहिलेलं नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "चाचा, नुसतं मडगार्ड ठोकून द्या," आणि संध्याकाळी येऊन बघतं तर चेनकव्हरसुद्धा लखलखीत. न सांगितलेलं काम करायची चाचांना भारी हौस. त्याच हौसेनं त्यांना त्या आठवड्यात तोंडघशी पाडलं.

तसे दोन वर्षांपासून चाचा खट्टूच होते. उजवा हात थरथरायला लागला होता. फार नाही, पण टाकीवर सरळ पट्टी ओढायला गेलं की ती नागमोडी जायची. दुकान आता त्यांचा मुलगा मोईन बघतो, चांगला पस्तिशीचा आहे. एक दिवस त्यानं अब्बांच्या हातातली स्प्रे गन अलगद काढून घेतली आणि म्हणाला, "अब्बा, तुम्ही आता बसा. लय केलं." बसा! जो माणूस चहासुद्धा उभ्यानं पितो, त्याला खुर्ची दिली. त्या खुर्चीत बसून चाचा रस्त्यावरच्या गाड्यांचे पोचे मोजत बसायचे.

त्या सोमवारी गुंजन आली. ही वीज कंपनीच्या ऑफिसात इंजिनियर, घरचे सगळे नोकरदार, आणि तिची स्कूटी चाचांच्या हातची. तिनं टेबलावर एक खोका ठेवून उघडला. आत स्पंजच्या खाचांमध्ये छत्तीस शिपाई झोपलेले. अंगठ्याएवढे, धातूचे, हातात घेतले तर चांगले वजनदार. डोक्याला शिरस्त्राण, हातात भाले, आणि मधोमध हाडांच्या घोड्यावर बसलेला त्यांचा राजा.

"हा खेळ असतो चाचा," ती म्हणाली. "टेबलावर दोन फौजा, फासे टाकायचे, टेपनं मोजून चाल करायची. पण फौज आपण बनवायची. हात-पाय सुटे येतात. घासायचे, चिकटवायचे, फटीत पुट्टी भरायची, मग रंग. आठ महिने झाले मी हे करून राह्यली."

रविवारी नागपूरला स्पर्धा होती, तिची पहिलीच. लढाया जिंकायची तिला फारशी आशा नव्हती, पण सर्वांत चांगल्या फौजेला बक्षिसाची ढाल मिळते, ती तिला हवी होती. रंगावर शेवटचं लॅकर ब्रशनं लावलं की रेघा उठायच्या. "तुमच्या गननं मॅटचा, बिनचमकेचा एक हात मारून द्या. बाकी काही नको."

मोईन रंग आणायला यवतमाळला गेला होता. दोन वर्षांत पहिल्यांदाच कुणी काम थेट चाचांच्या हातात दिलं होतं. ते नाही म्हणतात होय!

ती गेल्यावर त्यांनी भिंग लावून एकेक शिपाई पाहिला. कुठं सांधा दिसत नव्हता. पोरीचा हात चांगला आहे, असं ते मनात म्हणाले. आणि मग त्यांना गंज दिसला. एकाच्या छातीवर, दुसऱ्याच्या ढालीवर, राजाच्या मुकुटावर. छत्तीसच्या छत्तीस गंजलेले! चाचांनी चुंबक लावून पाहिलं, ते चिकटलं नाही. आजकालचं लोखंड, दुसरं काय, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. पोर लाजेपोटी बोलली नाही, पण असला माल आपल्या दुकानातून बाहेर कसा जाऊ द्यायचा?

चार दिवस ते त्या फौजेला भिडले. मनगट टेबलावर दाबून, जीव मुठीत धरून बारीक पेपरनं घासलं, चंदेरी रंग दिला. मोईन म्हणालाही, "अब्बा, ताईनं एवढं सांगतलं होतं काय?" चाचा म्हणाले, "तू तुहे टायर पाह्य."

शुक्रवारी दुपारी गुंजननं खोका उघडला. छत्तीस शिपाई वरातीतल्या बँडवाल्यांसारखे झगमगत होते.

"चाचा, यांचा गंज?"

"काढला! एक ठिपका नाई ठेवला."

"तो मी लावला होता."

चाचांना कळेचना. गंज लावायचा? शहाणं माणूस मुद्दाम गंज लावतं?

"ही फौज तळ्यात बुडून मेली चाचा. शंभर वर्षांनी वर निघून राह्यली. तीन महिने मी नुसता गंज लावत होती." गुंजन हसायला लागली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले.

मोईन हात पुसत पुढं आला. "ताई, माफ करा. एक तारखेपासून रंगाले माणूस येते आपल्याकडं. अब्बाले आता काही काम नाई देत मी."

हे तो गिऱ्हाइकासमोर म्हणाला. चाचांना ते फार लागलं. पोरीच्या कामाचं वाटोळं केलं ते केलंच, वर मोईनचं म्हणणं आपणच खरं करून दाखवलं. त्यांनी तो चकचकीत राजा उचलून भिंगाखाली धरला.

"बेटा," ते म्हणाले, "तळ्यात हे उभे होते का पडेल होते?"

"म्हणजे?"

"पाणी हलतं होतं का ठरेल? कितीक वर आलतं? कंबरेलोक का डोक्यावरून?"

गुंजननं याचा कधी विचारच केला नव्हता. चाचांनी तिला दुकानामागं नेलं. तिथं मोडीत निघालेले दरवाजे, मडगार्ड, टाक्या यांचा ढीग पडलेला होता.

"हे पाह्य. गंज छातीवर नाई येत. बोल्टाखालून निघते, पत्र्याची घडी असते तिथून निघते, जिथं पाणी ठरते तिथून. मंग खाली वघळते. तुह्या शिपायांले साऱ्या आंगभर सारखा होता. मले वाटलं, कोणी वल्ल्या पोत्यात गुंडाळून ठेवले असतीन. तळ्यातला गंज असा नसते."

शनिवारी गुंजनला सुट्टी होती. ती रंग घेऊन सकाळीच हजर झाली. तपकिरी, नारिंगी, काळा असं ती कालवून द्यायची आणि चाचा गंजाची जागा धरून ब्रश टेकवायचे. पहिल्या शिपायाला त्यांनी सवयीनं मनगट दाबून ठिपके दिले. ते शाळेच्या प्रार्थनेतल्या पोरांसारखे रांगेत उभे राहिले. चाचांनी ते पुसले आणि मनगट टेबलावरून उचललं. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी हाताला आवरलं नाही. हात थरथरला, रंग गुडघ्याच्या सांध्यात पडला, तिथं साचला आणि पोटरीवरून वाकडातिकडा ओघळला.

"अय्या!" गुंजन एवढंच म्हणाली.

चार दिवसांची आपली चमक पुरती झाकायला मात्र चाचांचं मन होईना. म्हणून त्यांनी कुठं खांद्यावर, कुठं भाल्याच्या टोकाशी ती तशीच ठेवली, आणि गंजाखालून जुनी पोलादी फौज डोकावायला लागली. मोईन हवा भरायच्या निमित्तानं तीनदा येऊन बघून गेला. शेवटचा मॅटचा हात त्यानंच मारला, न सांगता.

रविवारी गुंजन तिन्ही लढाया हरली. तिच्या राजाला पहिल्या पंधरा मिनिटांतच कुणाच्या तरी अजगरानं खाल्लं. पण ढाल घेऊन ती सोमवारी सकाळी थेट दुकानात आली, आणि चाचांनी ती दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवली.

एक तारखेला रंगाचा माणूस आला. पट्ट्या तो ओढतो, आणि सरळ ओढतो. चाचा ते मान्य करतात. पण पुढच्याच आठवड्यात नागपूरहून एक खोका आला. आत बावीस राक्षस होते आणि वर चिठ्ठी, गंज लावून द्या म्हणून. मोईननं अब्बांना सांगितलं नाही. दुकानामागं बसून त्यानं एका राक्षसाला स्वतः गंज लावून पाहिला, पुसला, पुन्हा लावला, पुन्हा पुसला. मग त्यानं पुढचं उजेडाचं टेबल रिकामं केलं आणि खोका अब्बांसमोर आणून ठेवला.

"अब्बा, मले नाई जमून राह्यलं. कसं करता, मलेही दाखवा जरा."

पस्तीस वर्षांत पोरानं हे वाक्य पहिल्यांदाच उच्चारलं होतं. चाचांनी आधी दोघांचा चहा सांगितला, आणि खुर्ची मोईनकडं सरकवून म्हणाले, "बस."