अडीच सेकंदांची घाई

मित्रांनो, मी एक जुना सिम्युलेटर आहे. म्हणजे सहा लोखंडी पायांवर उभी केलेली विमानाची नुसती मुंडी. मागे ना पंख, ना शेपूट. तरी आजवर मी चार हजार वेळा कोसळलो, त्यात सहाशे वेळा समुद्रात, आणि अंगावर ओरखडासुद्धा नाही. एकदा तर चंद्राला घासून आलो. तुम्ही म्हणाल, थापा मारतो. म्हणा बापडे. पण पुढची गोष्ट खरी आहे.

मी नवा होतो तेव्हा साहेबलोक माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढायचे. मग मला काम लागलं. विमान कंपनीत पायलटची नोकरी मागायला आलेल्यांची परीक्षा माझ्या पोटात व्हायची. एका खुर्चीवर उमेदवार, दुसरीवर परीक्षक. मी उडाल्याचं सोंग करायचं आणि मधेच एक इंजिन बिघडवायचं. घामेजलेले कितीतरी तळहात मी ओळखतो.

परीक्षक कॅप्टनना सगळे पाठीमागे ‘घुम्या’ म्हणत. परीक्षा संपली की ते पेन खिशाला लावत आणि एवढंच म्हणत, “कळवू.” नकाराचं पत्र दोन ओळींचं असे. का नाकारलं, ते त्यात नसे.

एकदा एका शिंपिणीची मुलगी आली. कोट आईनेच शिवलेला, बाह्या जरा लांब. तीन वर्षं ती लहानशा विमानातून एकटीच बेटांवर टपाल पोचवत होती. मी डावं इंजिन बिघडवलं. तिने चार सेकंदांत त्या इंजिनाचा दांडा ओढून ते बंद केलं. हात इतका साफ की मी मनात वाहवा म्हटलं. आणि तिथेच ती नापास झाली.

मोठ्या विमानात पायलट दोन असतात. दांड्यावर हात ठेवून शेजारच्याला “कन्फर्म?” असं विचारायचं आणि त्याने बघून “कन्फर्म” म्हटल्यावरच दांडा ओढायचा. नाहीतर घाईत माणूस चालू इंजिनच बंद करतो. माझ्या सहाशे बुड्यांपैकी निम्म्या अशाच. पण हिने विचारायचं कुणाला? तीन वर्षं शेजारी टपालाची पोती होती.

वर्षाने ती परत आली. माझी देखभाल करणाऱ्या मिस्त्रीकाकांना म्हणाली, “काका, आता बघाच. आईच्या शिलाई मशीनचा दांडा ओढून रोज सराव केलाय. आई घड्याळ लावून बसायची.”

“मग किती?”

“अडीच सेकंद.”

कारण न कळल्यामुळे पोरीने वर्षभर आपल्या चुकीचाच सराव केला होता.

तिने खरंच अडीच सेकंदांत दांडा ओढला. पेन खिशाला लागलं. “कळवू.” कंपनीचा नियम होता, तीन नकार आले की दार कायमचं बंद. हा दुसरा.

मग मी अडलो. पाय वर ताठ, उतरायचा पूल दूर आणि खाली बारा फूट. मिस्त्रीकाका म्हणतात, तेलाची नळी फुटली. त्यांचं म्हणणं त्यांच्यापाशी. मी मुद्दाम अडलो.

“तासभर लागेल हो, साहेब,” ते खालून ओरडले.

आत दोघंच अडकली. मग ती म्हणाली, “सर, दोन सेकंदांवर आणलं तर चालेल का?”

घुम्याने चष्मा काढला. “कशाला?”

“माझा हात हळू चालतो म्हणूनच नकार आला ना?”

“हळू? कोण म्हणालं?”

“कुणीच काही म्हणालं नाही, सर.”

कॅप्टन खुर्चीतल्या खुर्चीत तिच्याकडे वळले. “तू मला विचारलं नाहीस,” ते म्हणाले. “दोन्ही वेळा. मी इथे शेजारीच होतो.”

“मला वाटलं, विचारलं तर येत नाही असं दिसेल.”

“अगं, विचारते की नाही हेच तर बघायचं असतं.”

उरलेला वेळ दोघं बंद पडलेल्या दांड्यांवर सराव करत बसली. कन्फर्म? कन्फर्म. त्या दिवसापासून नकाराचं पत्र तीन ओळींचं झालं.

तिसऱ्या वेळी परीक्षक दुसरा होता. मी उजवं इंजिन बिघडवलं. तिचा हात दांड्यावर गेला आणि थांबला. “कन्फर्म?” परीक्षक मुद्दाम गप्प. पाच सेकंद गेले. तिचा हात दांड्यावरून हलला नाही. “सर, उजवं इंजिन बंद करतेय. कन्फर्म?”

“कन्फर्म.”

अकरा सेकंद लागले. इतकं हळू पास झालेलं मी दुसरं कुणी पाहिलं नाही. दोन महिन्यांनी ती प्रशिक्षणासाठी माझ्याकडेच आली तेव्हा खांद्यावर पट्ट्या होत्या, आईने टाचलेल्या. जरा वाकड्याच.

आता शेजारच्या दालनात नवा, पांढराशुभ्र सिम्युलेटर आला आहे. माझ्यावर ताडपत्री टाकली आहे. माझी तक्रार नाही. फक्त एक मागणं आहे. मित्रांनो, मोठे झालात की कुणाला तरी नाही म्हणायची वेळ तुमच्यावर येईल. जरूर म्हणा, पण का ते एका ओळीत सांगा. आणि तुम्हालाच कुणी नाही म्हटलं, तर विचारायला लाजू नका.

तरीही समोरचा घुम्यासारखा गप्पच राहिला, तर त्याला माझ्याकडे घेऊन या. ताडपत्रीखाली माझ्या तेलाच्या दोन नळ्या अजून फुटायच्या बाकी आहेत.