नावाची हाक

पहिल्या महायुद्धाचं तिसरं वर्ष. देवासच्या लष्करी इस्पितळात क्लोरोफॉर्म संपून आठवडा झाला होता, आणि बसऱ्याच्या आघाडीवरून आलेल्या जखमींचे सडलेले पाय डॉक्टर आता त्यांना भूल न देताच कापत. धारची नर्स जानकीबाई पाय दाबून धरी. तिची जिवाभावाची मैत्रीण भवानीबाई उशाशी बसून जखमीला त्याच्या नावाने हाका मारी. ओ येतेय तोवर माणूस जिवंत, एवढीच डॉक्टरांची खूण.

आज खंडोजी नावाचा शिपाई होता. करवत हाडाला लागली, रक्ताची चिळकांडी जानकीबाईच्या तोंडावर उडाली. तो गुरासारखा ओरडला आणि एकाएकी गप्प झाला. भवानीबाईही गप्पच.

"बाई, जल्दी!" डॉक्टर ओरडले.

जानकीबाईने स्वतःच दोन हाका मारल्या. परक्या आवाजाला ओ आली नाही.

"तोंड शिवलंय का गं तुझं, भवानी?"

"अहो," भवानीबाई त्याच्या कानाशी पुटपुटली. "अहो, ऐकलंत का?"

जानकीबाईला उमगलं. हा भवानीचा लढाईवर गेलेला नवरा, ज्याचं नाव तिने कधी घेतलंच नव्हतं! पण हातातला पाय गार पडत चालला होता.

"नाव घे!"

"नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य सरतं, जानकी."

"मेले, न घेतल्यानं आत्ताच सरतंय ते! घे म्हणते ना!"

भवानीबाईने डोळे मिटले आणि ती किंचाळली, "खंडोजी!"

त्याने डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं. "ओ," म्हणाला, आणि मान टाकली.

त्याच क्षणी हाड तुटून पाय जानकीबाईच्या हातात आला.

भवानीबाईने पदराने त्याचं तोंड पुसलं. मग वर न बघताच विचारलं, "घ्यायला लावलंस ना?"