भिंतीवरचा शनिवार

केप कोस्टमध्ये शनिवारी गाडी काढायची तर आधी भिंती वाचायच्या, हे एकोव क्वानसाला त्याच्या बापानं क्लच-ब्रेकच्याही आधी शिकवलं होतं. शनिवार मयतांचा; माणूस कुठल्याही वारी गेला तरी निरोप शनिवारीच. भिंतीवर कागद लागतो: गेलेल्या माणसाचा फोटो, वय आणि मांडव कुठल्या गल्लीत पडणार ते. मांडवातून गाडी घालणारा माणूस त्या गावात अजून जन्मायचा होता. त्यामुळे टॅक्सीवाले सकाळची पेज पितापिताच भिंती वाचून घेत.

वर्षापूर्वी एकोवनं टॅक्सीच्या काचेजवळ रस्ता दाखवणारा मोबाइल बसवला, आणि भिंतींकडे बघणं सुटलं.

त्या शनिवारी दुपारी त्याची धाकटी बहीण अराबा मागच्या सीटवर आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. आठवा महिना सरत आलेला, आणि रक्त थांबत नव्हतं. "अर्ध्या तासात दवाखाना गाठा," सुईणीनं बजावलं होतं.

मोबाइलवर बाजाराचा मोठा रस्ता लालभडक होता. सव्वीस मिनिटं. शेजारच्या गल्लीतून निळी रेघ सरळ जात होती. नऊ.

"मोठ्या रस्त्यानंच चल," आई म्हणाली. "मुंगीच्या पावलांनी का होईना, पोचू तरी."

"आई, गल्ली बघ कशी मोकळी आहे!"

"आज शनिवार आहे रे. भिंत वाचलीस का?"

"याला वरून सगळं दिसतं."

"वरून सगळं बघणारा एकच आहे बाबा, आणि तो काचेला चिकटवलेला नाही."

अराबाचे ओठ पांढरे पडले होते, तरी ती हसली. "भांडा सावकाश. आधी गाडी हाक, दादा."

एकोवनं गाडी गल्लीत वळवली.

गल्ली खरंच मोकळी होती, पहिल्या वळणापर्यंत. वळणापलीकडे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मांडव होता. सुतकाच्या काळ्या-तांबड्या कपड्यांतली दोनशे माणसं बसली होती. प्रवचन रंगात आलं होतं आणि म्हाताऱ्या बायकांनी, त्यांच्या रिवाजाप्रमाणे, मधेच उठून गाणं उचललं होतं. एरवी त्या सुरांनी एकोवचे डोळे भरून येत. आज त्यानं करकचून ब्रेक दाबला. गल्लीत गाडी नव्हती, कारण गावानं भिंत वाचली होती. मोबाइलला फक्त गाडी नाही एवढंच दिसलं.

त्यानं मागे पाहिलं. चार गाड्या खेटून उभ्या, चौघांच्याही काचेला मोबाइल.

"मागे घ्या! अरे, मागे घ्या!" तो ओरडत सुटला. शेवटच्याच्या मागे आणखी एक ट्रक येऊन थांबला होता.

कुणी त्याला शिवी दिली नाही. रक्त पाहिलं आणि प्रवचनकारानं पोथी मिटली. ज्या टेबलावर मृताचा फोटो ठेवला होता, त्यावरची फुलं उतरवून सहा जणांनी त्यावर अराबाला निजवलं आणि टेबल खांद्यावर घेऊन दवाखान्याची वाट धरली. बायका पुढे धावत, गात, खुर्च्या उलथवत वाट करत होत्या. आई टेबलाची कड धरून पळत होती. अराबाचा हात लोंबत होता, आणि एकोव तो पुन्हा पुन्हा उचलून तिच्या छातीवर ठेवत होता.

पोटातली मुलगी वाचली. अराबा नाही.

"थोडं आधी आणायला हवं होतं," नर्स हळूच म्हणाली. एकोवला मोठा रस्ता आठवला. सव्वीस मिनिटं.

आईनं त्याला बोल लावला नाही. नातीला छातीशी धरून ती खिडकीत बसून राहायची.

रिवाजाप्रमाणे निरोपाची तयारी होऊन सहा आठवड्यांनी अराबाचा शनिवार आला. तिचे कागद एकोवनं स्वतःच्या हातानं चिकटवले होते, बाजारापासून समुद्रापर्यंत एकही भिंत न सोडता. फोटोखाली तिच्या नावापेक्षाही मोठी अक्षरं त्यानं छापून घेतली होती: हा रस्ता बंद आहे.

सकाळपासून तो गल्लीच्या तोंडाशी उभा होता. एक टॅक्सी वळली. पोरसवदा ड्रायव्हरनं काचेजवळच्या मोबाइलकडे बोट दाखवलं. "मोकळी दिसतेय की, भाऊ."

"भिंत वाच," एकोव म्हणाला.

त्यानं वाचलं, टोपी काढली आणि गाडी मागे घेतली.

मांडवात प्रवचन थांबलं होतं. गाणं आईनं उचललं होतं. तिचा आवाज मधेच फाटला, आणि बाकीच्या बायकांनी तो सावरून धरला. एकोवनं मान वळवली नाही. गल्ली सोडून गाड्या बाजाराच्या रस्त्यावर तुंबायला लागल्या होत्या.