खाली ठेवलेला चाकू

टक्.

भर दुपारी सगळं घर गप्प पडलेलं असताना दाक्षायणीनं मला मिटलं आणि तेवढा एकच आवाज झाला. खिडकीशी आरामखुर्चीत पडलेल्या अप्पांच्या पापण्या थरथरल्या. झोपेतसुद्धा त्यांना हा आवाज ओळखू येतो. चाळीस वर्षं तो त्यांच्या खिशात राहायला होता.

मित्रांनो, तो आवाज माझा. मी अप्पांचा जुना घडीचा चाकू. आज शनिवार. उद्या सकाळी मला आणि माझ्या अठरा भावंडांना न्यायला माणूस येणार आहे. आम्हांला काचेच्या कपाटात ठेवणार म्हणे. तिथं धूळ लागणार नाही, गंज चढणार नाही आणि कामही पडणार नाही. म्हणून म्हटलं, मुठीत अजून ऊब आहे तोवर तुम्हांला आपली गोष्ट सांगून टाकावी.

माझा जन्म वळसंगच्या बाजारातला. हणमंत लोहार तिथं चिंचेखाली भाता मांडून बसायचे. एका म्हाताऱ्या ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा तापवून, ठोकून त्यांनी माझं पातं केलं. मोडीत निघालेल्या तिफणीच्या बाभळीची मूठ केली. जुन्या कुलपाच्या पितळेची खीळ ठोकून दोघांची गाठ घालून दिली. मला खटका नाही की स्प्रिंग नाही. एका हातानं मूठ धरायची, दुसऱ्या हाताच्या नखानं पातं ओढायचं, की मी उघडतो. दोन हात लागतात माझ्याशी मैत्री करायला.

आणि मिटलो की मला स्वप्नं पडतात. पात्याला दिसतो उन्हानं वितळणारा रस्ता, कुठंच न संपणारा. मुठीला काळ्या रानातली ओल जाणवते आणि पेरणीच्या नळीतून ज्वारीचे दाणे घरंगळत जातात, सरसर, सरसर. खिळीच्या स्वप्नात मात्र एक बंद दार आहे. दारापलीकडे कुणीतरी हलक्या आवाजात गुणगुणतंय. कोण, ते मला अजून कळलेलं नाही.

अप्पा, म्हणजे विरुपाक्ष, तेव्हा एसटीत कंडक्टर होते. त्यांची गाडी वळसंगला दहा मिनिटं थांबायची. एका बाजारच्या दिवशी ते उतरून थेट चिंचेखाली आले. मला उघडलं, अंगठ्यावर धार बघितली, मिटलं, परत उघडलं.

"हा दिसायला काय खास न्हाय, सायेब," हणमंत लोहार म्हणाले. "पर काम सांगून बगा. न्हाय म्हनायचा न्हाय."

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला तेव्हा मी अप्पांच्या खाकी खिशात होतो.

त्यानंतर अप्पांना नादच लागला. ज्या गावचा बाजार, तिथला चाकू. लोहार बदलला की चाकूचा तोंडवळा बदलतो, असं ते म्हणायचे. एकाची मूठ शिंगाची, एकाचं नाक पोपटासारखं वाकलेलं, एक इतका बुटका की पानवाल्याच्या चंचीत मावावा. असे आम्ही एकोणीस झालो. पण अप्पांचा एक नियम होता. वापरायचा नसेल, तर आणायचा कशाला? रोज एकाची पाळी. पोत्याची सुतळी कापा, ऊस सोला, शेंगा मोडा, कडबोळीच्या पिशवीचं तोंड उघडा. संध्याकाळी पुसून, खिळीवर खोबरेलाचा एक थेंब. मी सगळ्यांत थोरला, म्हणून माझी पाळी रोजचीच.

अप्पांच्या पत्नी बसव्वा कपाळाला हात लावायच्या. "लोकांचे नवरे बाजारातनं भाजी आणत्यात. आमचे भाजी कापायची हत्यारं आणत्यात. भाजी काय आबाळातनं पडणार हाय?"

अप्पा नुसते हसायचे आणि त्यांच्यापुढं कांदे घेऊन बसायचे.

शुक्रवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत अप्पांच्या मुलाचं, मल्लेशचं लग्न झालं आणि दाक्षायणी सून म्हणून आली. दुसऱ्याच दिवशी अप्पांनी भोपळा चिरायला तिच्याकडं चाकू मागितला. तिनं मला उचलून त्यांच्या हाताकडं नेलं मात्र, बसव्वा ओरडल्या, "अगं अगं अगं! हातात देतीस व्हय? भांडायचंय का सासऱ्याशी? खाली ठेव. ते उचलतील. हातातनं हातात चाकू गेला की भांडण आलंच म्हणून समज."

दाक्षायणीनं घाबरून मला फरशीवर ठेवलं. अप्पांनी उचललं.

तेव्हापासून नऊ वर्षं असंच. ती ठेवायची, ते उचलायचे. जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला, बसव्वा गेल्या, अक्षता जन्मली, बोलायला लागली, शाळेत गेली. पण ही रीत मोडली नाही. सासऱ्या-सुनेत कधी एक शब्द वावगा गेला नव्हता. शेजारच्या सुंदरम्मांनी कौतुक केलं की दाक्षायणी बसव्वांची आठवण काढून म्हणायची, "आत्यांनी दुसऱ्याच दिवशी शिकवलं ना मला." हे ती खरंच मनापासून म्हणायची.

अक्षताच्या पेन्सिली मीच तासायचो. शार्पनर पेन्सिल खातं आणि ढेकरही देत नाही, असं अप्पांचं मत. ते पेन्सिल फिरवायचे आणि म्हणायचे, "निधान, निधान." त्यांच्या कन्नडात निधान म्हणजे सावकाश. मला वाटायचं ते मलाच सांगतायत, म्हणून मीही सावकाश जायचो. लाकडाची पातळ, गुलाबी कडेची फुलं अक्षताच्या फ्रॉकवर पडायची.

मग गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी अप्पांच्या हातातून चहाची बशी पडली. दवाखान्यातून ते सव्वीस दिवसांनी परत आले, तेव्हा त्यांची उजवी मूठ घट्ट आवळलेली होती. ती उघडत नव्हती. जीभही जड झाली होती. "हं" आणि "निधान", एवढेच शब्द त्यांच्यासोबत घरी आले. बाकीचे कुठं राहिले कोण जाणे.

दाक्षायणीला वाटलं, चाकू बघून अप्पांना बरं वाटेल. तिनं मला त्यांच्यासमोरच्या काचेच्या टीपॉयवर ठेवलं. रीतीप्रमाणं, मिटवून, अलगद.

आता मित्रांनो, नीट ऐका. कारण पुढं जे झालं ते अप्पांशिवाय आणि माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. अप्पांचा डावा हात आला. तोही तसा अशक्तच. बोटं माझ्या पाठीवर पडली, पण चिमटीत धरायला जमेना. काच गुळगुळीत. मी गर्रकन फिरलो. परत बोटं आली, परत मी घसरलो. मी माझ्या परीनं जड व्हायचा खूप प्रयत्न केला. चाकूला तेवढंच करता येतं. तिसऱ्यांदा मी कडेला गेलो आणि खाली पडलो. अप्पांनी तोंड खिडकीकडं फिरवलं.

दाक्षायणी आवाज ऐकून आली. तिला दिसलं ते एवढंच, की चाकू खाली आणि अप्पांनी पाठ फिरवलेली.

चार दिवसांनी तिनं परत ठेवून बघितलं. त्या वेळी अप्पांनी बोटं लावलीच नाहीत. मनगटानं मला दूर लोटलं.

"नकोसं झालंय गं त्यांना," मल्लेश म्हणाला. "बघितलं की जुनं आठवत असेल. त्यापेक्षा सिद्धराम सरांना देऊन टाकू. शाळेत जुन्या वस्तूंची खोली करतायत ते."

"सगळे?"

"घरात लहान पोर आहे. आणि कोण वापरणारे आता?"

मल्लेश वाईट नाही, मित्रांनो. अप्पांचे पाय दाबताना मी त्याला बघितलंय. पण तो म्हणाला ते सगळ्यांना खरं वाटलं, आणि मला जीभ नाही.

सांगता सांगता मला डुलकी लागली वाटतं. खिळीच्या स्वप्नातलं ते दार या वेळी थोडं किलकिलं झालं होतं. जाग आली तेव्हा खोलीत उन्हाची पट्टी होती. रविवार उजाडला होता.

मल्लेश आंघोळीला गेला होता. दाक्षायणी खाली बसून एकेका चाकूला तेल लावून खोक्यात मांडत होती. शिंगाची मूठ गेली. पोपटाचं नाक गेलं. बुटका गेला. शेजारी अक्षता चित्र काढत होती आणि दर दोन मिनिटांनी पेन्सिल मोडून घेत होती.

"आई, शार्पनरनं परत टोक खाल्लं!"

"दुसरी घे की."

"दुसरीचं पण खाल्लंय. तिसरीचं पण. अज्जा म्हणायचे ते खरंय, ते ढेकरच देत नाही."

अप्पा खुर्चीतून सगळं बघत होते. एकेक चाकू खोक्यात गेला की त्यांची हनुवटी जराशी खाली जायची. मला ते दिसत होतं. दाक्षायणीनं मान वर केली असती तर तिलाही दिसलं असतं, पण तिनं मुद्दाम केली नाही, असं मला वाटतं.

शेवटी माझी पाळी आली. तिनं मला नखानं उघडलं, पात्यावरून तेलाचं बोट फिरवलं. आणि स्वयंपाकघरातून सूंऽऽ असा आवाज आला. दूध!

दाक्षायणी ताडकन उठली. हातात मी उघडा. खाली ठेवावं तर अक्षता हातभर अंतरावर, आणि तिला चाकूचं भारी कौतुक. टीपॉयवर खोकं. मिटायला तेलकट बोटं सरकतायत. तिनं काहीच विचार केला नाही. अप्पांचा डावा हात उताणा केला, माझी मूठ त्यांच्या तळव्यात ठेवली, त्यांची बोटं एकेक करून माझ्याभोवती मिटवली.

"धरा अप्पा, आलेच!"

आणि ती पळाली.

मित्रांनो, किती महिन्यांनी तो तळवा! तीच ती ऊब, अंगठ्याखालचा तोच घट्टा. बोटं आधी सैलावली. मग सावरली. मग त्यांनी मला असं धरलं, की मला माझी मूठ कुठं संपते आणि त्यांचा हात कुठं सुरू होतो ते कळेना. उचलता येत नव्हतं त्यांना. धरता येत होतं.

अक्षता उभी राहिली. माझ्याकडं बघितलं, अज्जांकडं बघितलं आणि मोडकी पेन्सिल पुढं केली. "करून देता?"

पण पेन्सिल धरणार कशात? अप्पांनी उजव्या मुठीकडं नजर टाकली. त्या आवळलेल्या, कुणाचंच न ऐकणाऱ्या मुठीकडं. अक्षतानं क्षणभर विचार केला आणि अंगठा नि बोट यांच्यामधल्या फटीत पेन्सिल खुपसली. पक्की बसली. लोहाराच्या सांडशीत बसावी तशी.

अप्पांनी मला पेन्सिलीवर टेकवलं.

"निधान," ते म्हणाले.

पहिला काप वाया गेला. दुसरा खोल गेला. तिसऱ्याला लाकडाचं फूल निघालं, जाडजूड, वेडंवाकडं, पण फूलच. ते अप्पांच्या धोतरावर पडलं. मग आणखी एक.

दारात दाक्षायणी उभी होती. हातात ओलं फडकं, पायावर दुधाचे शिंतोडे. ती पुढं आली नाही, मागंही गेली नाही.

तेवढ्यात बेल वाजली. मल्लेश ओल्या केसांनी दार उघडायला गेला आणि सिद्धराम सरांना घेऊन आत आला. सरांनी खोकं बघितलं, नीट मांडलेले चाकू बघितले. "वा! अठरा. तुम्ही एकोणीस म्हणाला होतात. तो हातातला पण द्यायचाय ना?"

मल्लेश वडलांकडं बघतच राहिला. बोलली दाक्षायणी.

"तो नाही मिळायचा, सर. तो ड्युटीवर आहे."

सर मोठ्यानं हसले. मग त्यांची नजर अप्पांच्या उजव्या मुठीतल्या पेन्सिलीवर गेली आणि ते हसायचे थांबले.

"आणि बाकीचे?" मल्लेशनं हळूच विचारलं.

"अप्पांचे आहेत. त्यांना विचारून सांगू की. आपण विचारलंच कुठं अजून?"

सर चहा पिऊन मोकळ्या हातानं परत गेले. जाताना अप्पांना नमस्कार करून गेले. अप्पांनी उत्तरादाखल मला जरासं वर केलं.

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या चाकूचं तुमच्याकडं मागणं मोठं नाही. घरात जुनी वस्तू असेल तर तिला पुसा, तेल द्या, पण काम द्यायला विसरू नका. आम्ही गंजतो ते बहुतेक वेळा पाण्यानं नाही, बसून राहिल्यानं. आणि घरातल्या कुणी एखादी गोष्ट दूर लोटली, तर ती त्यांना नकोच आहे असं लगेच धरून चालू नका. जरा जवळ बसा. त्यांचा हात कुठवर पोचतो ते बघा. मला बोलता आलं असतं तर मी हे कधीच सांगितलं असतं.

दाक्षायणी केरसुणी घेऊन खाली वाकली, पण लाकडाची फुलं तिनं झाडली नाहीत. एकेक वेचून तळहातावर ठेवत राहिली. मल्लेश अप्पांच्या खुर्चीच्या हातावर बसला होता आणि दुसरी पेन्सिल त्यांच्या मुठीत बसवत होता. अक्षतानं तासलेल्या पेन्सिलीचं वाकडं टोक डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. मग ती आईशेजारी उकिडवी बसली.

"आई, हातात दिल्यावर येतंय की अज्जांना."

"हं."

"मग इतके दिवस तू खाली का ठेवत होतीस?"