घरघर काढणारा प्लगइन

कुणाचा विश्वास बसणार न्हाई, पण दौंडात माझ्या कॉम्प्युटरनं आख्खं इंजिन गिळलं!

बहीण राहेल वारली, तवा रेल्वे रुळालगतच्या माझ्या घरी रेकॉर्ड केलेलं तिचं एकच गाणं मागं राहिलं. त्यात इंजिनाची घरघर होती. ती काढायला मी प्लगइन, म्हंजी कॉम्प्युटरात आवाज साफ करणारा जोड-प्रोग्राम, निवडला. त्याला आधी नुसत्या घरघरीचा तुकडा ऐकवायचा, मग तो तेवढंच पुसतो.

"पण हा पठ्ठ्या एवढा जबर, इंजिनाबरोबर राहेलचा आवाजही मनमाडला घेऊन गेला!" मी तिच्या लेकीकडं, ब्लेसीकडं, न बघताच म्हणालो.

"खोटं बोलताय, मामा. आई गाण्याआधी गुणगुणायची. तुम्ही तोच तुकडा घरघर म्हणून दिलात, आन् मूळ फाईलवरच सेव्ह केलंत."