पंख्याची वायर, स्कूटीचा भार

मी एक जुनी वायर आहे, मित्रांनो. दोन पदरी, अंगाने बारीक. सोनाजींनी मला वसमतच्या बाजारातून आणले, ते टेबलफॅन ओसरीवर नेता यावा म्हणून. उन्हाळ्यात जेवण उरकून त्यांच्या पत्नी मंजुळाबाई पंख्यासमोर आडव्या व्हायच्या आणि म्हणायच्या, "ही वायर आणली ते लई बरं झालं." एवढ्या कौतुकावर माझी वर्षे सुखात गेली. मध्ये एकदा उंदराने मला कुरतडले. सोनाजींनी तुटलेला भाग जोडून वर चिकटपट्टी गुंडाळली. पंख्यापुरती मी धड होते.

पुढे त्यांच्या लेकीला, प्रतिक्षाला, वसमतच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. ड्यूटीच्या आणि एसटीच्या वेळा जुळेनात, म्हणून विजेवरची स्कूटी घेतली. तिचे चार्जिंग कसे करायचे, यावर ओसरीवर चर्चा झाली. गावात लाइट फिटिंग करणाऱ्या ग्यानबाला बोलावले होते.

"मीटरपासून येगळी जाड लाइन अन् अर्थिंग, दहा हजार धरा," तो म्हणाला.

"अन् सोलर?" प्रतिक्षाने विचारले.

"मंग वीज फुकट. पण बसवायलाच लाखाच्या घरात जातंय."

"वसमतला चार्जिंग स्टेशन हाय की," सोनाजी म्हणाले.

"तिथं युनिटला वीस रुपये. घरी आठ-नऊ. वरून पोरीनं तिथं ताटकळत बसायचं."

सोनाजींनी सगळे ऐकून घेतले आणि माझ्याकडे बोट दाखवले. "ही हाय ना घरात. पंखा चालतोय, मंग स्कूटी काहून न्हाई चालायची?"

"पंख्याचं येगळं असतंय, बापू. हिच्यात जोड हाय."

"हळद इकली की टाकू लाइन. तवर चालू दे."

सोनाजी कंजूष नव्हते. लेक घरी येईपर्यंत फाट्यावर उभा राहणारा तो बाप होता. "आमची पोरगी पंचवीस रुपयांत वसमतला जाऊन येती," असे ते भेटेल त्याला अभिमानाने सांगत. माझी मात्र रोज तासन्‌तास दमछाक होई. जोडापाशी अंग भाजून निघे. मला तोंड नाही, मित्रांनो. तापणे हेच माझे बोलणे.

ते मंजुळाबाईंना कळले. झाडताना त्यांचा हात मला लागला. "अहो, ही वायर तापून राहिली."

"काम केल्यावर तापतीच ती," सोनाजी म्हणाले.

हळद विकली गेली. लाइन राहून गेली.

रात्रपाळी करून आलेली प्रतिक्षा एका दुपारी आतल्या खोलीत झोपली होती. सोनाजी शेतात होते. स्कूटी ओसरीवर चार्जिंगला लावलेली होती आणि मी तिच्या सीटवरून गेले होते. माझ्या जोडातून ठिणगी पडली आणि स्कूटीच्या सीटने पेट घेतला. खोलीचे दार ओसरीवरच उघडत होते. मंजुळाबाई चुलीपासून धावत आल्या. बटनापर्यंत जायला वाट उरली नव्हती. त्यांनी मला दोन्ही हातांनी धरून हिसडा दिला. माझे वितळलेले प्लास्टिक त्यांच्या तळव्यांना चिकटले. तरी त्यांनी मला भिंतीतून उपटले, जळत्या स्कूटीला ढकलून अंगणात लोटले आणि लेकीला हाका मारल्या.

प्रतिक्षा वाचली. स्कूटीचा सांगाडा राहिला. मंजुळाबाईंची बोटे मात्र आखडली ती कायमची. आता त्यांना भाकरी थापता येत नाही, लुगड्याचा काष्टाही घालता येत नाही. आईचे सगळे करता करता प्रतिक्षाची नोकरी सुटली.

सोनाजींनी नंतर ग्यानबाकडून जाड लाइन टाकून घेतली. तिला लावायला घरात आता काही नाही. मी अर्धी जळून परसात पडले आहे. इथून मला ओसरी दिसते. ते दुधात भाकरी कुस्करून मंजुळाबाईंना भरवतात.

"म्या टाकणार व्हतो गं लाइन," परवा ते म्हणाले.

"म्हाईत हाय मला," त्या म्हणाल्या. "तुमी बी खावा आता."

मित्रांनो, चार्जिंगचा खर्च जरूर मोजा. पण माझ्यासारख्या बारीक, जोड दिलेल्या वायरीवर एवढा भार टाकू नका. आणि घरातले कुणी "वायर तापली" म्हणाले, तर हातातले काम टाकून उठा. त्याच दिवशी उठा.