फ्रेमवाल्याच्या दुकानातली न जुळलेली बेरीज

मित्रांनो, फ्रेमच्या दुकानातल्या टेबलावर, फुटपट्टी आणि डिंकाच्या बाटलीच्या मध्ये बसलेला जुना कॅल्क्युलेटर तो मीच. माझा पांढरा रंग पिवळट झाला आहे, ‘दोन’चे बटण जरा जोरात दाबावे लागते आणि बॅटरीचे झाकण रबराने बांधलेले आहे. तरी छातीठोकपणे सांगतो, बेरजेत मी आजवर एकदाही चुकलेलो नाही. लोक भलतेच बटण दाबतात आणि खापर माझ्यावर फोडतात.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझी भावंडे कुणी बँकेत गेली, कुणी औषधाच्या दुकानात. मला फ्रेमवाल्याने उचलले, कारण माझी बटणे मोठी होती आणि त्याच्या बोटांना कायम डिंक लागलेला असे.

फ्रेम करायची तर चारही बाजू मोजायच्या, कोपऱ्यांच्या तिरक्या कापासाठी थोडी लांबी जास्त धरायची आणि सगळ्याची बेरीज करायची. फ्रेमची लाकडी पट्टी एकदा तोकडी कापली की वाया गेली. म्हणून या दुकानात एक रीत होती. मालक कागदावरचे आकडे वरून खाली मिळवायचा आणि त्याची मुलगी तेच आकडे खालून वर मिळवायची. दोन्ही उत्तरे जुळली तरच कापायच्या मशीनचे पाते खाली यायचे. टेबलाला नाक लागेल एवढी होती, तेव्हापासून हे काम तिचे होते.

तिला सगळे ‘चौकशी’ म्हणत. फोटो घेऊन कुणी आले की ती विचारायची, “यात मागे कोण उभं आहे? ते हसत का नाहीत?” गिऱ्हाईक पट्टी निवडायला यायचे आणि घरची अख्खी हकीकत सांगून जायचे. पदवीची प्रमाणपत्रेही खूप येत. मालकाने शेकडो पदव्या काचेत बसवल्या, पण त्याच्या स्वतःच्या घरात एकही नव्हती.

चौकशी मोठी झाली आणि तिने मानव्यविद्या शिकायचे ठरवले. माणसे कशी राहतात, तशी का वागतात, याचा अभ्यास. तिला हवे असलेले कॉलेज लांबच्या शहरात होते. एका रविवारी दुपारी दुकान बंद ठेवून तिघे माझ्याभोवती बसले. मालक, चौकशी आणि बँकेत नोकरी करणारी आत्या.

“दादा, उगाच आशेवर राहू नकोस,” आत्या म्हणाली. “या मुलांना सुरुवातीला महिना चोवीस हजार मिळतात. पाच-सहा वर्षांनी बरे वाढतात, पण सगळ्यांचे नाही.”

मालकाने कागद ओढला. राहण्या-खाण्याचे पंधरा हजार वजा. हातात नऊ. मग कॉलेजच्या तीन वर्षांचा खर्च ओळीने लिहून त्याने खाली मांडले: कर्ज पाच लाख, पाच वर्षांत फेडायचे, व्याज सोडून हप्ता आठ हजार तीनशे.

“बसतंय की!” तो खूश होऊन म्हणाला आणि पेन खिशात ठेवू लागला.

“थांबा बाबा, मी खालून मोजते.”

“कशाला? पट्टी थोडीच कापायचीय?”

पण तिने मला ओढलेसुद्धा होते. तिसऱ्या वर्षाच्या खोलीभाड्यापासून पहिल्या वर्षाच्या फीपर्यंत ती वर चढत गेली. उत्तर आले सात लाख. तिने पुन्हा मोजले. सातच.

“बिघडलाय तो,” मालक घाईघाईने म्हणाला. “म्हातारा झाला आता. आत्याच्या मोबाइलवर कर.”

मित्रांनो, मला फार लागले. बारा वर्षांच्या चाकरीचे हेच का फळ?

चौकशीने मोबाइलला हात लावला नाही. “तो चुकत नाही, बाबा. वरचे दोन लाख कुठून आणणार होतात?”

मालक मशीनकडे बघत राहिला. “उद्या पलीकडच्या गल्लीतला सुतार ते न्यायला येतोय. दोन लाखांना बोलणं झालंय.”

“आणि पट्ट्या कशानं कापणार?”

“हातकरवतीनं. पूर्वी नव्हतो का कापत?”

“पूर्वी तुमचा खांदा दुखत नव्हता.”

“अख्खे सात लाख काढले, तर हप्ता साडेअकरा हजारांच्या वर जातो,” आत्या हळूच म्हणाली. “हातात तर नऊच.”

चौकशीच्या डोळ्यांत पाणी आले. त्या कॉलेजची माहितीपुस्तिका तिने दोन वर्षे जपली होती. त्या क्षणी मला वाटले, आयुष्यात एकदा चुकलो असतो तर काय बिघडले असते?

मग तिने नाक पुसले आणि दुसरा कागद घेतला. इथलेच कॉलेज, विषय तोच, राहायचे घरी. कर्ज दीड लाख, हप्ता अडीच हजार. “विषय नाही सोडणार,” ती म्हणाली. “कॉलेज सोडते.” मालकाने वरून मोजले, तिने खालून. जुळले. सोमवारी सुतार हात हलवत परत गेला.

तिला पहिला पगार एकवीस हजार मिळाला, आत्याच्या आकड्यापेक्षा तीन हजारांनी कमीच. रुग्ण उपचार अर्धवट का सोडतात, हे ती एका रुग्णालयासाठी घरोघर जाऊन विचारते. चौकशा करण्याचा पगार मिळतो, यावर मालकाचा अजून विश्वास बसत नाही. मोठ्या कॉलेजात गेली असती तर जास्त मिळाले असते का? त्यासाठी लागणारे आकडे कुणाकडेच नाहीत, म्हणून मी गप्प बसतो. दरम्यान दुकानात मोबाइल आला आणि मी खणात गेलो. बॅटरी गळली, बटणांत भुसा साचला. माझी कुणाला आठवणही राहिली नाही.

गेल्या महिन्यात कर्जाचा शेवटचा हप्ता फिटला, तेव्हा कुठे चौकशी आपले प्रमाणपत्र फ्रेम करायला घेऊन आली. तिने मला खणातून काढले, कापसाने पुसले, नवी बॅटरी घातली. मालकाने वरून खाली मोजले, मग तिने खालून वर. तिचे उत्तर बरोबर दुप्पट आले! आता हा मला पुन्हा म्हातारा म्हणणार, अशा धास्तीने मी बसलो.

मालकाने चष्मा काढला. “तो चुकत नाही,” तो म्हणाला. “तू काय लपवतेयस?”

तिने पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला. त्यावर मालकाच्या अक्षरात लिहिले होते, कर्ज पाच लाख.

“हाही काचेत बसवायचाय, बाबा. दोन फ्रेमा लागतील.”

आता त्या दोन्ही माझ्या समोरच्या भिंतीवर शेजारी शेजारी आहेत. मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. अधूनमधून माझ्यावरचा भुसा झटका आणि गळकी बॅटरी वेळेवर काढा. शिक्षणाचा हिशेब कराल तेव्हा कागद घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हाती द्या आणि त्याला खालून वर मोजू द्या. बेरीज जुळली नाही, तर मला बिघडलेला म्हणण्याआधी एकमेकांच्या तोंडाकडे बघा. घरातले कुणीतरी आपले मशीन विकायला निघालेले असेल.